परसबागेची फेरआखणी: उन्हाळा संपतानाच्या नोंदी

3 मे

मोजमापाने सुरुवात. बाग पूर्व-पश्चिम 14 मीटर, दक्षिणोत्तर 9 मीटर. घर दक्षिणेला, म्हणजे सगळी बाग घराच्या उत्तरेकडे. 1:50 प्रमाणात, म्हणजे एका मीटरला 2 सेंटिमीटर धरून आराखडा काढला, तो ए-फोर कागदावर बरोब्बर बसतो. नळ, कपड्यांची दोरी, छताच्या पाण्याचा पाइप, लिंबू, शेवगा, मोगऱ्याचे ताटवे, जुना भाजीचा वाफा एवढंच टिपलं. नवीन काहीच काढलं नाही.

घरात प्रत्येकाकडून यादी मागवली होती. आजीला बसायला सावलीची जागा आणि वॉकर घेऊन नळापर्यंत जाता येईल असा रस्ता हवा. बाबांना हिरवळ. आईला आणखी मोगरा आणि कढीपत्ता. भाच्याला आंबा, चिकू, पेरू, सीताफळ, केळी, आणि एक झोपाळा. वहिनीला भाजी, ती हिवाळ्यातलीसुद्धा. माझी यादी एका ओळीची: पावसाळ्यात ईशान्येच्या कोपऱ्यात तळं होतं, ते नको.

झाडांच्या याद्या आत्ता बाजूला. आधी पाणी कुठून कुठे जातं आणि माणसं कुठून कुठे जातात ते कागदावर यायला हवं. झाडं उरलेल्या जागेत.

4 मे

जुन्या वाफ्यातले टोमॅटो उपटले. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या आणि काही ठिकाणी हरभऱ्याएवढ्या गाठी. घासल्या तरी सुटत नाहीत, कारण त्या मुळाचाच फुगलेला भाग आहेत. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी नखाने सहज निघतात, या निघत नाहीत. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत. झाडं दुपारी माना टाकायची आणि आम्ही पाणी वाढवत होतो ते यासाठी.

वाफा खणला, ढेकळं फोडली, भरपूर पाणी दिलं आणि पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडल्या. चार ते सहा आठवडे असंच ठेवायचं. काळं प्लास्टिक घ्यायचं नाही, ते स्वतः तापतं. पारदर्शकमधून ऊन आत जातं आणि माती तापते. ओल महत्त्वाची, कारण कोरड्या मातीत उष्णता खाली झिरपत नाही. वरच्या काही इंचांतले सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचं बी बऱ्यापैकी मरतं. नागरमोथ्याच्या गाठी मात्र खोलवर असतात, त्या यातून वाचतात. त्यासाठी खुरपं आणि चिकाटी.

काम झाल्यावर फावडं, खुरपी, घमेली सगळी धुऊन वाळवली. या मातीचा कणही नव्या वाफ्यात जाता कामा नये.

7 मे

उताराचं काम. दुर्बीण वगैरे काही लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरली, एक टोक वहिनीने पश्चिमेच्या खुंटीशी धरलं, दुसरं मी पूर्वेला. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समपातळीत येतं का ते पाहिलं. पश्चिमेकडून पूर्वेकडे 14 मीटरमध्ये 11 सेंटिमीटर उतार. दक्षिणोत्तर जेमतेम 3, तोही उत्तरेकडे. म्हणजे सगळं पाणी ईशान्येला, आणि तिथेच लिंबू.

डोळ्यांना हा उतार अजिबात दिसत नाही. बाबांना तर जमीन उलट, पश्चिमेकडे उतरते असं वाटत होतं. नळी पाहिल्यावर म्हणाले, "मग इतकी वर्षं आपण काय बघत होतो?"

8 मे

लिंबाजवळ नीट बसून पाहिलं. बुंध्याशी जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीतून डिंक आलाय, मधाच्या रंगाचा, काही थेंब वाळून काचेसारखे झालेले. चाकूने साल जराशी खरवडली तर आत तपकिरी पट्टा, आणि त्याच्या कडेला जिवंत सालीचा फिकट हिरवा रंग. बुंध्याभोवती वर्षानुवर्षं खत आणि माती टाकून टाकून उंचवटा झालाय, साल त्यात गाडली गेली आहे. बुंधा ओला राहिला की डिंक्या येणारच.

बुंध्यालगतची माती बाजूला ओढून वरची मुळं दिसेपर्यंत साल मोकळी केली. खराब भाग हिरवी कड लागेपर्यंत तासला. बोर्डो पेस्ट घरीच केली: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळवायचं आणि मग एकत्र ओतायचं. धातूचं भांडं चालत नाही. तयार झाल्यावर लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. आमच्या सुरीवर पहिल्यांदा थर आला. चुना वाढवला, मग पातं स्वच्छ निघालं. आकाशी रंगाचं मलम जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत ब्रशने लावलं. पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा लावायचं.

पाणी द्यायला आता दुहेरी आळं. आतलं कडं बुंध्यापासून फूटभर अंतरावर, मातीचं, उंच आणि कोरडं. पाणी फक्त बाहेरच्या कड्यात. शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, बुंध्याशी पाणी ओतून त्यांना काहीच मिळत नाही.

10 मे

मातीच्या दोन चाचण्या.

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. जोरात हलवून ठेवली. वाळू मिनिटभरात तळाला बसली, पोयटा संध्याकाळपर्यंत, आणि वरचं पाणी अजून गढूळ. म्हणजे चिकणमाती भरपूर.

दुसरी चाचणी जिरवणीची. 30 सेंटिमीटर खोल खड्डा काढून पाण्याने भरला, तो पूर्ण जिरू दिला, मग पुन्हा भरून पातळी मोजली. पहिल्या भरण्याचं माप धरायचं नाही, कारण उन्हाळ्यात भेगा पडलेली माती पाणी गटागटा पिते आणि निचरा उत्तम असल्याचा भास होतो. दुसऱ्या खेपेला तासाला दीड सेंटिमीटर. तासाला अडीच असती तर निर्धास्त राहिलो असतो.

11 मे

कालच्या आकड्यावर बसून छताचा हिशोब केला. छत 80 चौरस मीटर. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. एका जोरदार सरीत 25 मिलिमीटर पडला तर 2000 लिटर, त्यातलं उडणारं-भिजवणारं वजा जाता 1700 लिटर त्या एकाच पाइपातून नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पडतं आणि बागेतून तिरपं धावत लिंबाकडे जातं.

सगळ्यांनी सुचवला होता तो उपाय शोषखड्डा. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतला आणि दगड-विटांनी भरला तर आत पोकळी 35 ते 40 टक्के, म्हणजे 350 ते 400 लिटर. 1700 समोर तो काही मिनिटांत भरेल, आणि आमच्या चिकणमातीत रिकामा व्हायला कितीतरी तास घेईल. वाळूच्या जमिनीत शोषखड्डा फार छान, इथे नाही.

त्याऐवजी उथळ, पसरट चर. 6 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद, 20 सेंटिमीटर खोल: 720 लिटर. तासाला दीड सेंटिमीटरच्या वेगाने 20 सेंटिमीटर पाणी साधारण 13 तासांत जिरतं. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे ती काळजी नाही. पाइपाखाली 500 लिटरची टाकी, तोंडाला बारीक जाळी. सात-आठ मिलिमीटर पावसात ती भरते, म्हणजे पावसाळ्यात बहुतेक वेळ भरलेलीच असणार. म्हणून पुराच्या हिशोबात टाकी धरायची नाही, तिचा उपयोग दोन पावसांमधल्या उघडिपीत. उरलेल्या हजारेक लिटरला सन्मानाने बाहेरची वाट: चराच्या दक्षिण टोकाला दगडी सांडवा, तिथून फाटकाशेजारच्या गटाराकडे.

15 मे

पायांचा अभ्यास, हा भाग सगळ्यात सोपा निघाला. सुकलेल्या गवतात स्वयंपाकघराच्या दारापासून नळापर्यंत तिरपी पायवाट आपोआप पडली आहे. भिंतीकडेने केलेला फरशीचा रस्ता मात्र कोरा करकरीत, त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत. माणसं काटकोनात चालत नाहीत.

पक्का रस्ता आता त्या तिरप्या वाटेवरच. एका माणसाला 60 सेंटिमीटर पुरतात, पण वॉकरला 90 हवेत, आणि आजीच्या बाजूने कुणाला चालायचं असेल तर 120. 120 ठरलं. पावलापावलावर सुट्या फरश्या टाकायचा विचार दिसायला सुरेख होता, पण वॉकरचे पाय मधल्या गवतात अडकतील. सलग पेव्हर, एका बाजूला मीटरला 2 सेंटिमीटर उतार, म्हणजे शेवाळ धरणार नाही. दाराशी 10 सेंटिमीटरची पायरी आहे. तिथे 1:12 उताराने 120 सेंटिमीटर लांब रॅम्प. आजीला विचारलं तर म्हणाली, "रॅम्प कर, पण धरायला काहीतरी ठेव." कठडा आराखड्यात नव्हता. घेतला.

छताचं पाणी या रस्त्याला आडवं जातं. रस्त्याखालून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आधी टाकायचा, पेव्हर नंतर. हा क्रम गवंड्याला लिहूनच दिला.

18 मे

आज सावलीचा दिवस, आणि सगळ्यात जास्त वाद.

मे महिन्यात बाग अशी तापते की सगळीकडे ऊनच ऊन दिसतं. जुना वाफा घराच्या भिंतीपासून दोन मीटरवर, उन्हाळ्यात भरपूर उन्हात. तरी हिवाळ्यातली भाजी तिथे दरवर्षी रडते. भाच्याने फोनमधून डिसेंबरमधला दुपारचा फोटो शोधून काढला. वाफा पूर्ण सावलीत.

हिशोब करून पाहिला. 22 डिसेंबरच्या सुमारास दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर येतो ते 90 मधून आपला अक्षांश आणि 23.5 वजा करून मिळतं. आमच्याकडे 48 आणि 49 च्या मधे. या कोनात सावली वस्तूच्या उंचीच्या नऊ-दशांशाच्या आसपास पडते. कठड्यासकट घर 4 मीटर उंच, म्हणजे साडेतीन मीटरचा पट्टा ऐन दुपारीसुद्धा उन्हाविना. 9 मीटरच्या बागेतले साडेतीन!

मेच्या उन्हावर बाग आखली की हिवाळा हातचा जातो. भाजीचे वाफे उत्तरेकडे सरकवायचे ठरले. वहिनीला दारातून हात लांबवून मिरची तोडायची होती, तिला हे फारसं पटलेलं नाही. दाराशी दोन मोठ्या कुंड्या सरकवता येतील अशा ठेवू, एवढ्यावर तह झाला.

सावलीच्या पट्ट्यात हळद आणि आलं. पावसाच्या तोंडावर लावायचं, सौम्य सावली दोन्हींना चालते. पण त्यांनाही सूत्रकृमी लागतात, तेव्हा प्लास्टिक पूर्ण मुदत ठेवायचंच. आजीचं बाकही याच पट्ट्यात.

20 मे

झाडांची पाळी. पुठ्ठ्याची वर्तुळं कापली, प्रत्येक झाडाच्या पूर्ण वाढलेल्या घेराएवढी, आराखड्याच्या प्रमाणात. आंब्याचं 16 सेंटिमीटरचं वर्तुळ कागदावर ठेवलं आणि बागेची दक्षिणोत्तर रुंदी जवळजवळ झाकली गेली. भाचा गप्प. नर्सरीतल्या पिशवीतलं रोप हातभर असतं, त्याला पाहून जागा ठरवली की दहा वर्षांनी कुऱ्हाड काढावी लागते.

आंबा आणि चिकू बाद. पेरू राहिला, कारण तो छाटणी मानतो. नव्या फुटीवर फळ धरत असल्याने 4 मीटर घेरात ठेवता येतो. उत्तरेच्या कुंपणापासून 2 मीटर आत. तिथली सावली हिवाळ्यात कुंपणाबाहेर पडते, भाजीवर नाही. केळी चराच्या कडेला, ओलीत. सीताफळावर भाचा अडून बसलाय, निर्णय राखून ठेवला. झोपाळ्यासाठी लोखंडी चौकट, झाडाची वाट बघायची नाही.

हिरवळ 4 बाय 4 मीटर, त्याहून एक फूटही नाही. बाबांनी मान्य केलं, पण कोपरे गोल हवेत म्हणाले. कापायला तेच सोपे, दिले.

23 मे

दुपारी वारा सुटला आणि शेवग्याची एक फांदी मोडून कपड्यांच्या दोरीवर आली. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात ते व्हायचंच. बाकीच्या फांद्या कोयत्याने नाही, करवतीने, कमरेएवढ्या उंचीवर उतरवल्या. आधी खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे साल सोलत खाली जात नाही. बाबा खूप हळहळले. नवी फूट महिन्याभरात हाताला येईल एवढी असते आणि शेंगा शिडीशिवाय काढता येतात, हे त्यांनाही माहीत आहे. मीटरभर लांबीचे जाड तुकडे सावलीत उभे करून ठेवलेत, लावायला. नळाच्या वाटेवर मात्र एकही नको. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात आणि अंगाला लागल्या तर भयंकर खाज.

27 मे

जमिनीवर आखणी. खुंट्या, सुतळी आणि फक्की. काटकोनासाठी 3-4-5: एका बाजूला 3 मीटर, दुसरीला 4, तिरपं अंतर 5 आलं की कोपरा खरा. भाजीचे दोन वाफे 120 सेंटिमीटर रुंद, कारण दोन्ही बाजूंनी 60-60 सेंटिमीटर हात पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. एका वाफ्याची कड 65 सेंटिमीटर उंच बांधायची, आजीला खुर्चीत बसून तण काढता यावं म्हणून. चराची रेघ नळीने समपातळी तपासत मारली, त्यामुळे ती जराशी वाकडी आली. बाबांनी ती दोनदा "सरळ" करायला सांगितली. पाणी सरळ रेघ मानत नाही, तशीच ठेवली.

दिवसभर सगळे फक्कीच्या रस्त्यावरून चालून पाहत होते. नळाजवळचं वळण वॉकरला अडचणीचं वाटलं, 30 सेंटिमीटरने रुंद केलं. कागदावर हे कळलं नसतं.

2 जून

चर खणून झाला. माती इतकी कडक की टिकावाशिवाय इलाज नव्हता. वरची काळसर माती वेगळ्या ढिगात, खालची पिवळट वेगळी. पिवळटचा बांध चराच्या पूर्वेच्या, उताराकडच्या काठावर, काळी माती नव्या वाफ्यांसाठी. रस्त्याखालचा पाइप बसला, पेव्हर सुरू.

ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या. टोकाच्या टोप्या काढून पाणी सोडलं तर आधी गढूळ गाळ आणि मग पांढरे क्षारांचे कण बाहेर आले. ऑक्टोबरपर्यंत माळ्यावर.

पाचोळा मात्र भरपूर जमलाय. तीन भाग पाचोळा, एक भाग हिरवा कचरा, असा मीटरभर उंच ढीग रचला. याहून लहान ढीग तापत नाही.

8 जून

पाच आठवडे झाले, प्लास्टिक काढलं. आकाश भरून येतंय, यापुढे ठेवण्यात अर्थ नाही. खाली तण जवळजवळ नाही. नागरमोथ्याचे चार-सहा कोंब प्लास्टिकला टोचत वर आलेले, अपेक्षेप्रमाणे. वाफा पुन्हा खोल खणला नाही, खालची न तापलेली माती वर येते. वरवर हलवून गादीवाफा केला, हळद-आल्याचे डोळे असलेले तुकडे लावले, वर पाचोळा. आल्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, कंद सडतो, म्हणून त्याचा वाफा वीतभर जास्त उंच.

आईला मोगरा आत्ताच छाटायचा होता. वाळकी फुलं आणि आडव्या काड्या तेवढ्या काढल्या. जोराची छाटणी डिसेंबर-जानेवारीत, मोगरा नव्या फुटीवर फुलतो.

12 जून

रात्री पहिला मोठा पाऊस. छत्री घेऊन वहिनी आणि मी चराशी उभ्या. पाइपातून पाणी आलं तसं चराच्या दोन्ही टोकांकडे सारखं पसरत गेलं, पंधरा-वीस मिनिटांत काठोकाठ, मग सांडव्यावरून वाहू लागलं. लिंबाचं आतलं कडं कोरडं. सकाळी चरात तळाशी चिखल, पाणी नाही. सांडव्याच्या खाली मात्र पाण्याने माती खरवडून हातभर खड्डा पाडलाय. तिथे मोठे दगड आणि कडेला कर्दळ लावायची.

दोन बादल्या पाण्याएवढं अजून नळाजवळ साचतं, ते रस्त्याच्या काठामुळे. एक पेव्हर उचलून फट ठेवू.

नव्या वाफ्यांत माती भरायला सगळ्यांचे हात शिवशिवताहेत, पण माती अजून मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचला तरी फुटत नाही. ओली चिकणमाती तुडवली की वर्षभर तिच्या विटा होतात. वाफसा आला, म्हणजे माती भुसभुशीत होण्याइतकी वाळली, की भेंडी, गवार आणि कडेने झेंडू. पेरूचा खड्डा 60 सेंटिमीटरचा तयार आहे, कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं लावायचं. पुढची नोंद वाफे भरल्यावर.